विम्याचे कार्ड आणि दवाखान्याचे कुलूप

पंधरवड्यापूर्वी रविवारच्या दुसऱ्या मिस्सेनंतर आमच्या चर्चच्या सभागृहात आरोग्यविम्याविषयी एक व्याख्यान झाले. वक्ते अभ्यासू होते, बोलणे आर्जवी होते. सरकारी रुग्णालयांचा जमाना संपला. सरकारने दवाखाने चालविण्याच्या भानगडीत न पडता प्रत्येक कुटुंबाचा विम्याचा हप्ता भरावा आणि ज्याला जेथे उपचार घ्यावयाचे असतील तेथे त्याने ते घ्यावेत, असा त्यांच्या प्रतिपादनाचा मथितार्थ होता. शेवटी त्यांनी ख्रिस्तसभेच्या सामाजिक शिकवणुकीचाही हवाला दिला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. मी टाळी वाजविली नाही. का वाजविली नाही, ते येथे सांगावयाचे आहे.

सरकारी रुग्णालयांचे जे चित्र वक्त्यांनी रंगविले ते खोटे नव्हते, हे आधीच मान्य करतो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये कळव्याच्या महापालिका रुग्णालयात चोवीस तासांत १८ रुग्ण दगावले. त्याच वर्षी सप्टेंबरअखेर नांदेडच्या शासकीय रुग्णालयात एका दिवसात २४ मृत्यू झाले, त्यांपैकी १२ नवजात अर्भके होती. हे वाचून ज्याला चीड येत नाही त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. परंतु गाय उपाशी ठेवावयाची, ती आटली की विकून टाकावयाची आणि आलेल्या पैशांतून घरोघरी दुधाची कुपने वाटावयाची, याला शहाणपण कसे म्हणावे? २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे वचन दिले होते. २०२१-२२ साली, म्हणजे महामारीने देश हादरून गेला असतानाही, तो १.८४ टक्के भरला. जी सेवा आपण कधी पोटभर जेवू घातलीच नाही, ती अपयशी ठरली असा निकाल आपण कोणत्या तोंडाने देतो?

त्या सभागृहात बसलेल्या किती जणांना सर जोसेफ विल्यम भोर हे नाव ठाऊक असेल? नसावे, कारण आपल्या शाळांतून ते शिकविले जात नाही. १८७८ साली नाशिकला जन्मलेला, पुण्याच्या बिशप्स स्कूलमध्ये आणि डेक्कन कॉलेजात शिकलेला हा ख्रिस्ती गृहस्थ. १९४३ साली नेमलेल्या आरोग्य समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले आणि १९४६ मध्ये समितीने आपला अहवाल सादर केला. पैसे देण्याची ऐपत नाही एवढ्याच कारणास्तव कोणीही पुरेशा वैद्यकीय सेवेवाचून राहता कामा नये, हे त्या अहवालाचे मूलतत्त्व. सेवा सर्वांना विनामूल्य मिळावी, तीत गरीब-श्रीमंत असा भेद नसावा आणि ज्यांची ऐपत आहे त्यांनी आपला वाटा करांच्या रूपाने द्यावा, असे समितीने सुचविले. चाळीस हजार लोकवस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, ही तिच्या अल्पकालीन आराखड्यातील मागणी. आज आपल्या तालुक्यात जे पिवळट भिंतींचे केंद्र अर्धे उघडे, अर्धे कुलूपबंद दिसते, ते त्याच कल्पनेचे दुर्लक्षित अपत्य होय.

आणि योगायोग पाहा. त्याच १९४३ साली गुंटूर येथे डॉक्टर असलेल्या सिस्टर मेरी ग्लोरी यांनी देशातील कॅथलिक रुग्णालयांची संघटना उभी केली. सरकारी समिती आणि धर्मभगिनी या दोघांच्याही डोळ्यांसमोर त्या वेळी एकच गोष्ट होती: रुग्णापर्यंत दवाखाना पोहोचला पाहिजे.

आता विम्याकडे वळू. २०१८ च्या सप्टेंबरात सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. आपल्या राज्यातील महात्मा फुले जनआरोग्य योजनेची दीड लाखाची मर्यादाही पुढे पाच लाखांवर नेण्यात आली. या योजनांमुळे अनेकांच्या हृदयाच्या शस्त्रक्रिया झाल्या, अनेक घरे कर्जातून वाचली. ज्याच्या घरी असे घडले त्याला मी योजनेच्या विरोधात बोलायला सांगणार नाही. तथापि ही योजना रुग्ण खाटेवर पडल्यानंतर जागी होते, ही गोष्ट व्याख्यानात कोणी उच्चारली नाही.

व्हिन्सेंट डी पॉल मंडळाचे काम करताना दर महिन्याला आमच्यापुढे जी बिले येतात, त्यांत शस्त्रक्रियेची थोडी आणि औषधाच्या दुकानाची फार. आमच्या आळीतील एक वृद्ध शेतमजूर मधुमेहाने त्रस्त आहेत. पाच लाखांचे कार्ड त्यांनी पवित्र कुटुंबाच्या तसबिरीमागे जपून ठेवले आहे. पण रोजच्या इन्सुलिनसाठी, साखर तपासण्यासाठी, पायाच्या जखमेच्या मलमपट्टीसाठी ते कार्ड एक रुपयाही देत नाही. पाय कापावा लागला तर देईल! हे उद्गारचिन्ह माझे नाही, त्यांच्या पत्नीचे आहे. तिने हे वाक्य हसत उच्चारले आणि आम्ही खाली मान घातली. आरोग्य केंद्रात डॉक्टर असता आणि औषध असते, तर त्या पायाला जखम कशाला चिघळली असती?

कोणी म्हणेल, लोकांच्या खिशातून होणारा आरोग्यखर्च कमी झाला आहे. खरे आहे. सरकारी हिशेबानुसार एकूण आरोग्यखर्चातील हा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. परंतु त्याच काळात सरकारचा वाटा २८.६ वरून ४८ टक्क्यांवर गेला, तर खासगी विम्याचा वाटा वाढून वाढून ७.४ टक्क्यांवर पोहोचला. भार कोणी उचलला, हे आकडेच सांगतात.

शिवाय पैसा आजाराच्या मागे न जाता शस्त्रक्रियेच्या मागे धावू लागला म्हणजे काय होते, याचाही अनुभव देशाने घेतला आहे. राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना २००८ साली आली. तिच्या आडोशाने बिहार, छत्तीसगड, राजस्थान येथे गरीब स्त्रियांची गर्भाशये विनाकारण काढली गेल्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये न्यायालयाला त्यावर निर्देश द्यावे लागले. जीवनाच्या पावित्र्यावर इतके बोलणारे आपण, या भगिनींविषयी आपल्या व्यासपीठांवरून किती बोललो? त्याच वर्षी महालेखापरीक्षकांच्या अहवालात आयुष्मान योजनेतील सुमारे साडेसात लाख लाभार्थींच्या नावांपुढे एकच दूरध्वनी क्रमांक आढळला आणि आधी मृत म्हणून नोंदलेल्या रुग्णांवर नंतर उपचार झाल्याचे दाखले मिळाले. बेथानीच्या लाजरनंतर अशी नोंद प्रथमच झाली असावी.

वक्त्यांनी १९३१ च्या परिपत्रकातील तत्त्वाचा आधार घेतला. अकरावे पायस यांनी सांगितले आहे की लहान समूह जे काम करू शकतो ते मोठ्या सत्तेने हिरावून घेऊ नये. तत्त्व उत्तम. पण विमा कंपनी हा लहान समूह कधीपासून झाला? दूरच्या शहरातील टोलेजंग इमारतीत बसून जी एका ओळीच्या पत्राने दावा फेटाळते, ती आपल्या गावाला आरोग्य केंद्रातील परिचारिकेपेक्षा जवळची कशी? लहान समूह म्हणजे कुटुंब, आळी, धर्मग्राम, ग्रामपंचायत. यांच्या हाती विम्याच्या व्यवहारात काहीच उरत नाही. आणि तेविसावे जॉन यांनी १९६३ च्या परिपत्रकात माणसाच्या जन्मसिद्ध हक्कांत वैद्यकीय सेवेचा समावेश केला, त्याचे काय? ते पान वक्त्यांनी उलटलेलेच दिसले नाही.

दयाळू शोमरोनीची कथा आपण सर्व जण जाणतो. उतारशाळेच्या रखवालदाराला त्याने दोन दीनार दिले हे आपल्या लक्षात राहते. पुढे जे त्याने सांगितले ते विसरले जाते. अधिक खर्च झाला तर परत येताना मी भरीन, असे तो म्हणाला. कमाल मर्यादा नाही, प्रतीक्षाकाळ नाही, जखम आधीपासूनची होती का याची चौकशी नाही. शिवाय त्याने जखमीला स्वतः उतारशाळेपर्यंत नेले. मुळात त्या रस्त्यावर उतारशाळा होती! ती नसती तर दोन दीनारांचे त्याने काय केले असते?

आपल्यातील सुस्थित कुटुंबांविषयीही थोडे बोलले पाहिजे, कारण टाळ्या प्रामुख्याने त्यांच्या होत्या. १९८६ साली सरकारी कंपन्यांनी मेडिक्लेम आणले, १९९९ च्या कायद्याने खासगी कंपन्यांना दार उघडले आणि आपल्या मध्यमवर्गाने सरकारी रुग्णालयाकडे पाठ फिरविली. ज्या रुग्णालयात शिक्षक, वकील, बँकेतील अधिकारी जात नाहीत, तेथील नादुरुस्त यंत्राविषयी वृत्तपत्राला पत्र कोण लिहिणार? पण आता हेच लोक निवृत्त झाले आहेत आणि वयाबरोबर हप्ता चढतो आहे. वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावर २०२५ च्या २२ सप्टेंबरपर्यंत १८ टक्के करही होता. आजारपणाची बेगमी करणाऱ्याकडून कर घेणारे सरकार विम्याचे गुणगान करीत होते. माझ्या स्वतःच्या हप्त्याचा आकडा पाहून मला जे वाटले ते या पानांवर छापण्याजोगे नाही.

आपल्या मिशन रुग्णालयांनाही एक प्रश्न विचारतो, आणि तो रागाने विचारीत नाही. विम्याच्या पैशांवर उभे राहिलेले रुग्णालय, विमा ज्याचे पैसे देतो तेच आजार शोधू लागेल. ताप, क्षय, बाळंतपणानंतरची देखभाल, म्हाताऱ्यांची मलमपट्टी, ही ज्या सेवेतून आपली धर्मभगिनी घराघरांत ओळखली गेली ती सेवा, मागे पडेल. उलट दर परवडत नाहीत, थकबाकी मिळत नाही, म्हणून योजनेतून बाहेर पडावे तर गरीब बाहेर पडतो. या कोंडीविषयी आपल्या रुग्णालयांनी मोकळेपणाने बोलावे.

विमा काढू नका, असे मी कोणालाही सांगत नाही. मीही तो मोडलेला नाही. छत गळते तेव्हा माणूस छत्री घरात उघडतो. पण छत शाकारायचे नाही असा ठराव करीत नाही. आपल्या धर्मग्राम परिषदेपुढे येत्या बैठकीत सामुदायिक विम्याचा प्रस्ताव येणार आहे. त्याच बैठकीत मी दुसरा प्रस्ताव मांडणार आहे: आरोग्य केंद्रातील मंजूर पदे किती आणि भरलेली किती, याची लेखी माहिती मागवावी, ती दर तीन महिन्यांनी चर्चच्या फलकावर लावावी, आणि तेथील रुग्ण कल्याण समितीवर आपल्यापैकी कोणीतरी जावे. मागे एकदा मी त्या समितीच्या बैठकीला सहज म्हणून गेलो होतो. आठ खुर्च्या मांडल्या होत्या. आम्ही तिघे होतो, आणि त्यांपैकी एक चहा घेऊन आला होता.