चुकेल तो शिकेल

परकी भाषा शिकताना विद्यार्थ्याला शब्दांची उणीव तितकी नडत नाही, जितकी चुकण्याची लाज नडते. इंग्रजीच्या तासाला उत्तर ठाऊक असूनही खाली मान घालून बसणारी मुले थोडी नसतात. ‘चूक झाली तर सारा वर्ग हसेल’ या धास्तीने त्यांची जीभ जखडून जाते. जी जीभ हलतच नाही, तिला भाषा यावी कशी? काठावर बसून कोणी पोहायला शिकल्याचे ऐकिवात नाही.

या बाबतीत जोसेफ कॉनरॅड या लेखकाचे चरित्र पाहण्यासारखे आहे. त्याचा जन्म १८५७ साली एका पोलिश कुटुंबात झाला. पोलिश ही त्याची मातृभाषा. तिच्या खालोखाल त्याला फ्रेंच येत असे. वयाची वीस वर्षे उलटल्यावर, १८७८ साली, तो इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरला. त्या वेळी त्याचे इंग्रजी अगदी जुजबी होते. कोळसा वाहणाऱ्या एका लहानशा जहाजावर तो खलाशी झाला. सोबतच्या खलाशांचे बोलणे हीच त्याची इंग्रजीची शाळा ठरली. १८८६ साली तो कप्तानाची परीक्षा उत्तीर्ण झाला आणि १८९५ साली त्याची पहिली इंग्रजी कादंबरी प्रसिद्ध झाली. त्याच्या उच्चारांचे पोलिश वळण मात्र अखेरपर्यंत गेले नाही. त्या वळणाची लाज धरून तो गप्प बसला असता, तर इंग्रजी साहित्य एका थोर कादंबरीकाराला मुकले असते.

मराठी मुलाच्या इंग्रजीत होणाऱ्या पुष्कळशा चुका आळसाच्या नसतात. त्या मातृभाषेच्या सवयीतून येतात. मराठीत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येते, तर इंग्रजीत ते कर्त्याच्या पाठोपाठ येते. ‘टेबलावर’ या शब्दात ‘वर’ नामाच्या मागून येतो. इंग्रजीतला ‘ऑन’ नामाच्या आधी येतो. मराठीतल्या एका ‘करणे’साठी इंग्रजीत कोठे ‘डू’ लागतो, तर कोठे ‘मेक’. गृहपाठ करायचा तर ‘डू’ आणि चूक करायची तर ‘मेक’! म्हणून सुट्या शब्दांचे अर्थ घोकण्यापेक्षा प्रत्येक नवा शब्द एखाद्या वाक्यासह वहीत टिपून ठेवणे अधिक हिताचे. ऐकलेले वाक्य पुन्हा म्हणावे, धडा मोठ्याने वाचावा आणि रोज चार ओळी स्वतःच्या मनाच्या लिहाव्यात. आठवड्यातून एकदा तीन तास बसण्यापेक्षा रोजचा अर्धा तास अधिक फळ देतो.

याचा अर्थ व्याकरण निरुपयोगी आहे, असा नव्हे. व्याकरण हे होकायंत्र आहे. ते जवळ असावेच. परंतु ते हाती धरून धक्क्यावरच उभा राहणारा खलाशी पैलतीरी कसा पोहोचणार?

एक गोष्ट मात्र एकट्या विद्यार्थ्याच्या हातची नाही. अडखळत बोलणाऱ्या सोबत्याला हसणारा मुलगा त्या क्षणी त्याचे शिक्षण थांबवीत असतो. ज्या वर्गात चूक सुधारली जाते, पण चुकणाऱ्याची थट्टा होत नाही, त्या वर्गात भिडस्त मुलेही बोलू लागतात. आणि बोलू लागलेल्या मुलाला आज ना उद्या भाषा येतेच.