नियम मोडून न्याय मिळेल?

जकात घटवून व्यापार वाढवावा, या हेतूने १९४७ साली जिनिव्हा येथे २३ देशांनी 'गॅट' करारावर सह्या केल्या. भारत त्यांपैकी एक होता. एकास दिलेली सवलत करारातील सर्वांस मिळावी, हे त्याचे मूळ सूत्र. परंतु ज्या कापडात गरीब देशांची सरशी होती, तेथेच श्रीमंतांनी ते गुंडाळून ठेवले. १९७४ च्या 'मल्टिफायबर' करारान्वये कापडाच्या आयातीवर देशवार कोटे बसले, ते २००४ अखेरपर्यंत टिकले.

म्हणूनच या व्यवस्थेच्या पडझडीने काही सहकाऱ्यांना समाधान वाटते. ते अनाठायी आहे. अमेरिकेने नेमणुका अडविल्यामुळे जागतिक व्यापार संघटनेचे अपील मंडळ डिसेंबर २०१९ मध्ये ठप्प झाले. तेव्हापासून हरलेला पक्ष रिकाम्या मंडळाकडे अपील करून निवाडा लटकवू शकतो. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच अमेरिकेने तयार कपड्यांसह अनेक भारतीय वस्तूंवर ५० टक्के जादा जकात लादली. तिरुपूरच्या शिवणकामगाराने दाद कोठे मागावी?

पक्षपाती नियम बदलण्यासाठी लढता येते. नियमच उरला नाही, तर बळी तो कान पिळी! आपली मागणी करार मोडण्याची नव्हे, तो समन्यायी करण्याची असली पाहिजे.