वज्रगड घाटकोपरला राहतो

परवा घाटकोपर मेट्रो स्टेशनवर आमचा वज्रगड अडकला. म्हणजे अक्षरशः. दीड फूट बाय दीड फुटाचा चौकोन, त्यावर डोंगर, डोंगरावर तटबंदी आणि हे सगळं एका जुन्या चादरीत गुंडाळलेलं. सिक्युरिटीवाल्या काकांनी विचारलं, "काय आहे हे?" माझा मित्र म्हणाला, "किल्ला." काकांनी चादर जरा बाजूला केली, आत डोकावले आणि म्हणाले, "दिवाळीला टाइम आहे ना अजून?" मागे मी उभी. माझ्या हातात पुरंदर. हसू दाबत गुपचूप पुढे सरकले.

खुलासा करते. आम्ही चौघं. वय अठ्ठावीस ते तीस. तिघांना पगार आहेत, मी फ्रीलान्सर आहे. आम्ही चौघं महिन्यातून एका रविवारी जमिनीवर मांडी घालून लढाया खेळतो. कॉम्प्युटरवर नाही. कागदी मावळे, फासे, मोजायला शिंप्याची टेप आणि खाली आठ तुकड्यांचा, आम्हीच बनवलेला सह्याद्री. प्रत्येकाकडे दोन तुकडे. एक घर अंधेरीला, एक बोरिवलीला, एक घाटकोपरला, एक मुलुंडला. चौघं आले तरच महाराष्ट्र पूर्ण होतो!

खरं तर हा धंदा आम्ही वयाच्या सातव्या वर्षीच सुरू केला होता. मुलुंडला आमची चार मजली बिल्डिंग होती. तिच्या मागे पाण्याच्या टाकीला लागून मातीचा एक तुकडा होता. सहामाही परीक्षा संपली की तिथे किल्ला. दगड, विटा, गोणपाट, वर चिखलाचा लेप. हिरवळीसाठी अळीव नाहीतर मोहरी पेरायची आणि रोज सकाळी उठून कोंब आले का बघायचं. वर सिंहासनावर महाराज, खाली मातीचे मावळे, गवळण, गुहेत वाघ. शिवाय कोणाच्या तरी घरातलं प्लॅस्टिकचं हेलिकॉप्टर बुरुजावर उतरलेलं असायचंच. इतिहासाचं टेन्शन कोणालाच नव्हतं.

मग बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. भाड्याच्या घरांत पांगलेले बरेचसे परत आलेच नाहीत. आता तिथे टॉवर आहे, खाली पार्किंग आहे, सगळीकडे पेव्हर ब्लॉक आहेत. माती फक्त कुंड्यांत. आमचं घर त्याच टॉवरमध्ये आहे, पण किल्ल्याची जागा नक्की कुठे होती हे मलाही आता दाखवता येत नाही. बहुधा कोणाच्या तरी कारखाली असेल.

दोन वर्षांपूर्वी अंधेरीवालीच्या घरी गप्पा मारताना विषय निघाला. परदेशात लोक वॉरगेमसाठी टेबलावर डोंगर-नद्या बनवतात, सुटे तुकडे करून ठेवतात, असे व्हिडिओ ती बघत होती. बोरिवलीकर म्हणाला, "अगं, म्हणजे किल्लाच ना? फक्त घडीचा!" झालं. ठरलं.

ही आयडिया तशी बरीच जुनी आहे. १८१२ मध्ये रायस्वित्झ नावाच्या प्रशियन गृहस्थाने आपल्या राजाला युद्धाच्या खेळाचं एक टेबल भेट दिलं होतं. वर हवे तसे मांडता येणारे डोंगर-नदीचे चौकोनी तुकडे, खाली ते ठेवायला खण. पुढे १९१३ मध्ये एच. जी. वेल्स या लेखकाने खेळण्यातले सैनिक घेऊन घरच्या जमिनीवर लढायचे नियम लिहिले. राजाकडे खण होते. आमच्याकडे पलंगाखालची जागा. फरक एवढाच.

आता बनवण्याचं. पहिला प्रयत्न सॉलिड फसला. थर्माकोलच्या सजावटीवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे, पण बोरिवलीकराकडे नव्या फ्रिजच्या खोक्यातलं थर्माकोल पडून होतं. त्याने उत्साहाने कापलं, डोंगर केला आणि त्यावर स्प्रे पेंट मारला. स्प्रेमधल्या सॉल्व्हंटने थर्माकोल विरघळतं. पाच मिनिटांत डोंगराचं पिठलं झालं.

दुसरा फंडा मग पुठ्ठ्याचा. ऑनलाइन शॉपिंगची खोकी सगळ्यांकडेच साठलेली असतात. पुठ्ठे डोंगराच्या आकारात कापायचे, एकावर एक लहान होत जाणारे थर चिकटवायचे. आणि इथे आम्हाला शोध लागला. परदेशी व्हिडिओतले डोंगर गोल गोल, गुबगुबीत असतात. त्या लोकांना थर बुजवायला किती खटपट करावी लागते! आपला सह्याद्री मुळातच थरांचा आहे. लाव्हाचे एकावर एक थर साचून तो झाला. या खडकाला 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात, त्यातला ट्रॅप हा शब्दच स्वीडिश भाषेतल्या 'पायरी'वरून आलाय. म्हणजे कडा, मग सपाटी, परत कडा. पुठ्ठे न बुजवता तसेच ठेवले की सह्याद्री तयार. खडकाचा रंग बघायला अंधेरीवाली आम्हाला गिल्बर्ट हिलला घेऊन गेली. तिच्या घराजवळ बिल्डिंगांच्या गर्दीत हा दोनशे फुटांचा काळा कातळ उभा आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. आधी सगळं काळं रंगवायचं आणि मग जवळजवळ कोरड्या ब्रशने वरच्या कडांवर करडा रंग फिरवायचा, हे तिथे उभं राहूनच ठरलं. गवतासाठी सुताराकडचा भुसा पोस्टर कलरमध्ये भिजवून वाळवला. उंच गवत म्हणजे नारळाच्या शेंड्या.

तिसरा धडा पावसाळ्याने दिला. खाली सहा मिलिमीटरचा एमडीएफ होता. वरून फेव्हिकॉल-पाणी पीत गेला आणि भाजलेल्या पापडासारखा वळला. उपाय सोपा निघाला. खालच्या बाजूलाही तेवढाच हात मारायचा आणि वजनाखाली वाळवायचं. कागदाच्या लगद्यावर बुरशी धरली, तेव्हा बाबांना बुक बाइंडरची युक्ती आठवली, खळीत चिमूटभर मोरचूद. (विषारी असतं. स्वयंपाकघरातली भांडी वापरू नका. आईची बोलणी मी खाल्ली आहेत.)

पण सगळ्यात महत्त्वाचा भाग म्हणजे कड. डोंगर कसाही करा, तुकड्याच्या कडा सगळ्यांच्या सारख्याच हव्यात. आमचा नियम असा की प्रत्येक बाजूच्या बरोबर मध्यावर दोन इंचांची वाट, बाकी कड सपाट आणि खाली नट-बोल्टची भोकं ठरलेल्या अंतरावर. त्यासाठी पुठ्ठ्याचा एक साचा कापून चौघांनी वाटून घेतला. आतमध्ये तुझं राज्य, काठावर सगळ्यांचं. नोकऱ्या, लग्नं, ईएमआय यांच्यात दोन दोन महिने न बोलणाऱ्या चार माणसांचे तुकडे रविवारी खटकन जुळतात, तेव्हा भारी वाटतं.

साच्याला अपवाद एकच, माझा पुरंदर आणि घाटकोपरकराचा वज्रगड. सासवडजवळचे हे जोडकिल्ले, मध्ये भैरवखिंड. म्हणून आमच्या दोघांच्या एका कडेवर खिंडीचा उंचवटा आहे आणि ती कड फक्त एकमेकांनाच जुळते. १६६५ मध्ये मिर्झाराजे जयसिंग आणि दिलेरखान चालून आले, तेव्हा एप्रिलमध्ये आधी वज्रगड पडला. तिथे तोफा चढल्या आणि पुरंदर थेट माऱ्याखाली आला. मुरारबाजी पडले. जूनमध्ये तह झाला, २३ किल्ले द्यावे लागले. शाळेत हे पाठ केलं होतं. पण जमिनीवर पालथं पडून, डोळा तटाच्या उंचीला नेऊन समोर वज्रगड बघितला ना, तेव्हा कळलं की शेजारचा डोंगर हातातून गेला म्हणजे काय होतं.

आता मूळ मुद्दा. परवाचा रविवार हा घाटकोपरकराचा शेवटचा डाव होता. तो मेलबर्नला चाललाय, नोकरीसाठी. खेळ संपल्यावर नट-बोल्ट सोडवता सोडवता त्याने विचारलं, "माझे दोन कोणाकडे ठेवू?" कोणीच बोललं नाही. माझ्या पलंगाखाली जागा होती. पण "दे माझ्याकडे" हे काही तोंडातून निघेना.

परत जाताना आम्ही दोघं घाटकोपरला त्याच्या घरी थांबलो. वडील गेल्यापासून घरात तो आणि काकू दोघंच. मी म्हटलं, "काकू, हे तुकडे मी घेऊन जाऊ का? तुम्हाला उगाच अडगळ." काकूंनी चादरीत गुंडाळलेला वज्रगड उचलला आणि सरळ कपाटावर ठेवला.

"इथेच राहू दे गं. तुम्हाला न्यायला यावं लागेल ना मग."

तो त्याच्या बॅगेत फक्त पुठ्ठ्याचा साचा नेणार आहे. तिकडे एखादा तुकडा करीन म्हणतोय, इकडच्या वाटेला जुळणारा. बघू.

पुढचा डाव आम्ही घाटकोपरलाच लावलाय. काल काकूंचा फोन आला होता. मिसळ किती जणांची करू, असं विचारत होत्या.