रक्ताचा अहवाल फायलीत पुरू नका!

कर्करोगाच्या शस्त्रक्रियेपूर्वी प्रत्येक रुग्णाचे रक्त तपासले जाते. हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, अल्ब्युमिन असे आकडे येतात, 'फिट'चा शेरा पडतो आणि कागद फायलीत जातो. पण जखम चिघळेल काय, आतड्याचा टाका सुटेल काय, न्यूमोनिया जडेल काय, याचा इशारा याच आकड्यांत असतो. तो वाचणार कोण, हा आमचा सवाल आहे.

अमेरिकेतील माजी सैनिकांच्या ४४ रुग्णालयांतील ५४ हजारांवर मोठ्या शस्त्रक्रियांचा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. सर्वच रुग्ण कर्करोगाचे नव्हते. अल्ब्युमिन ४.६ असलेल्यांत महिनाभरातील मृत्यू एक टक्क्याहूनही कमी, तर २.१ च्या खाली असलेल्यांत २९ टक्के! जपानचे शल्यविशारद ओनोडेरा यांनी तर १९८४ सालीच पचनमार्गाच्या कर्करोगासाठी सोपे गणित मांडले. अल्ब्युमिनची दहापट घ्या, त्यात लिम्फोसाइट पेशींच्या संख्येचा दोनशेवा भाग मिळवा. अल्ब्युमिन ३ आणि लिम्फोसाइट १२०० असतील तर बेरीज ३६. बेरीज ४० च्या खाली गेली की आतडे कापून जोडणे धोक्याचे. यासाठी महागडे यंत्र लागत नाही, लागते ती आस्था.

अल्ब्युमिन आजारानेही घटते, हे खरे. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. म्हणजे आमची कष्टकरी माय कर्करोग होण्याआधीच रक्ताने खंगलेली असते. हा दोष तिचा नव्हे, व्यवस्थेचा आहे.

म्हणूनच आम्ही सावध करतो. हा आकडा गरिबाला 'धोका जास्त आहे' म्हणून दारातून परत पाठवण्याचे हत्यार बनता कामा नये. तीव्र कुपोषित रुग्णाला शस्त्रक्रियेपूर्वी ७ ते १४ दिवस पोषण द्यावे, त्यासाठी कर्करोगाची शस्त्रक्रियाही थोडी लांबवावी, असे युरोपातील पोषणतज्ज्ञांची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. पण रोजंदारी बुडालेल्या, रुग्णालयाबाहेरच्या फुटपाथवर मुक्काम करणाऱ्या कुटुंबाने हे पोषण आणायचे कोठून? लोकांचे पोषणमान उंचावणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य असल्याचे संविधानाचा अनुच्छेद ४७ बजावतो. तेव्हा शस्त्रक्रियेपूर्वीचा आहार हाही उपचारच मानून शासनाने त्याचा खर्च उचलावा, ही आमची मागणी आहे.

वस्तीतल्या रुग्णासोबत रुग्णालयात धावणाऱ्या कार्यकर्त्यांनो, शस्त्रक्रियेची तारीख विचारताना अल्ब्युमिन किती, हिमोग्लोबिन किती आणि ते वाढवण्यासाठी काय करणार, हेही विचारा. प्रश्न विचारणे हा रुग्णाचा हक्क आहे, तो बजावा!