भागिले २६

सरकारी खात्यांनी एकमेकांना डेटा द्यावा आणि खोटा बेकारभत्ता घेणारे पकडावेत, याला माझा विरोध नाहीच. पण ऑस्ट्रेलियातलं 'रोबोडेट' आठवा! कर खात्याकडे उत्पन्नाचा आकडा वर्षाचा, भत्त्याचा हिशोब मात्र पंधरवड्याचा. मग काय, भागिले २६! सहा महिने नोकरी आणि सहा महिने बेकारी काढलेला माणूस कागदावर वर्षभर कमावता ठरला. वर वसुलीची नोटीस. जुन्या पगारपावत्या शोधून निर्दोष असल्याचं दाखवायचं, तेही त्यानेच. २०१९ मध्ये ही सरासरी बंद झाली. २०२३ मध्ये चौकशी आयोगाने तिला अन्याय्य आणि बेकायदेशीर म्हटलं. मंडळी, दोन डेटाबेस जुळले नाहीत तर तो फक्त एक प्रश्न असतो, गुन्हा नव्हे. आधी माणसाने तपासावं, मग नोटीस पाठवावी.