लुळा हात, खचलेले मन

पक्षाघातातून रोगी वाचला, की इस्पितळाच्या दप्तरी तो 'सुधारला'. घरी मात्र तो अबोल होतो, अन्न नाकारतो, मधूनच रडतो; आणि घरचे त्याला हट्टी, आळशी ठरवितात. वस्तुतः अशा रोग्यांपैकी सुमारे ३० टक्के विषादाने ग्रासले जातात. त्यामागे मेंदूची इजा असते, तशी बुडालेल्या रोजीची चिंताही. विषण्ण माणूस व्यायाम टाळतो, आणि लुळा हात लुळाच राहतो. १९४८ च्या राज्य कामगार विमा कायद्याने गिरणी कामगाराला निदान आजारपणाचा भत्ता दिला. हमाल, शेतमजूर, मोलकरीण यांच्या वाट्याला तोही आला नाही. २०१७ च्या कायद्याने मानसिक उपचाराचा हक्क मान्य केला खरा, पण तालुक्याच्या गावी मनोविकारतज्ज्ञ कोठे आहे? रोग्याला घरी सोडण्यापूर्वी मनाचीही तपासणी, आणि अंथरुणाला खिळलेल्या असंघटित मजुरास भत्ता, या दोन मागण्या शासनापुढे रेटल्याच पाहिजेत.