विश्लेषण : पूर्वजांच्या समाधीची राखण नक्की कोणाची?

पुण्यतिथीला समाधीवर फुले वाहिली जातात, फेटे बांधून फोटो काढले जातात, कुलमंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ते फिरतात. दुसऱ्या दिवसापासून फाटकाला कुलूप. पावसाळ्यात चौथऱ्याच्या सांध्यात पिंपळ उगवतो आणि ‘कुणीतरी बघायला हवे’ असा संदेश पुन्हा त्याच ग्रुपवर येतो. पिंपरी-चिंचवडपासून तळेगाव-चाकणपर्यंतच्या पट्ट्यात जुनी घराणी बरीच आहेत आणि त्यांच्या समाध्या, वाडे, गढ्या आता कारखाने व गृहसंकुलांच्या गराड्यात उभ्या आहेत. त्यांच्या देखभालीचा प्रश्न भावनेचा वाटतो, पण अडतो तो कागदावर.

या भागात काय दिसते?

तळेगाव हे दाभाड्यांचे गाव. शाहू महाराजांनी १७१७ मध्ये खंडेराव दाभाडे यांना सेनापतिपद दिले. त्यांचे पुत्र त्रिंबकराव १७३१ मध्ये डभोईच्या लढाईत पडले. पुढे पद धाकट्या यशवंतरावांकडे आले, तरी कारभार आई उमाबाईंनी सांभाळला. खंडेराव आणि उमाबाई यांच्या समाध्या तळेगावात आहेत. जवळच इंद्रायणीकाठी इंदोरीची गढी आहे.

चिंचवडला पवनाकाठी मोरया गोसावींची समाधी आहे. तिथे देवस्थान ट्रस्ट आहे आणि रोज भाविक येतात. त्यामुळे नदीचे पाणी मंदिरात शिरले तरी ओसरताच झाडलोट सुरू होते. त्याच चिंचवडमध्ये चापेकरांचा वाडा आहे. रँडच्या वधानंतर दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव हे तिन्ही भाऊ १८९८-९९ मध्ये फासावर गेले. त्यांचे स्मारक आज स्मारक समिती सांभाळते. म्हणजे वास्तू टिकायला रक्ताचे नाते असलेच पाहिजे असे नाही. जबाबदार संस्था आणि रोजची वर्दळ मात्र लागते.

कुटुंबाच्या ताब्यात असताना अडते कुठे?

मालकीत. सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवर आजोबांचे एकच नाव असते. त्यांच्यानंतर मुले, मुली, नातवंडे अशी वारसांची यादी वाढत जाते. निम्मे पुण्या-मुंबईत, काही परदेशात. प्रत्येकाचा हिस्सा आहे, दुरुस्तीची सक्ती कुणावरच नाही. छपराची कौले बदलायची तरी सर्वांची संमती गोळा करावी लागते. उलट एखादा वारस वाटपाचा दावा करू शकतो. आजूबाजूच्या जमिनीचे भाव वाढले की मोह आणि भांडण दोन्ही वाढतात. भांडण कोर्टात असेपर्यंत भिंतीला हात लावायला कुणी धजत नाही.

नोंदणीने काय बदलते?

१८६० च्या संस्था नोंदणी कायद्यानुसार किमान सात जण एकत्र येऊन संस्था स्थापू शकतात. महाराष्ट्रात अशा धर्मादाय संस्थेची १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंद होते. त्यानंतर दरवर्षी हिशेब तपासून घ्यावे लागतात आणि विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. सर्वांत महत्त्वाचे कलम ३६ : न्यासाची स्थावर मालमत्ता धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. अनेक कुटुंबे नेमक्या याच कलमाला बिचकतात. पण वास्तू पुढच्या पिढीच्या अडचणीतून वाचवणारे कलमही हेच.

मात्र नुसती संस्था काढून भागत नाही. वास्तू आणि जागा रीतसर दस्ताने संस्थेच्या नावावर व्हावी लागते. ती वारसांच्याच नावावर राहिली तर संस्थेचे संरक्षण फक्त लेटरहेडपुरते उरते.

फक्त समाधीच्या पूजेसाठी न्यास चालेल?

इथे अनेकांची गफलत होते. सर्वोच्च न्यायालयाने १९५३ मध्ये सरस्वती अम्मल खटल्यात पतीच्या समाधीवरील पूजेसाठी कायमची दिलेली मालमत्ता हिंदू कायद्यानुसार धार्मिक वा धर्मादाय दान ठरत नाही, असा निर्णय दिला. संत म्हणून पूजल्या जाणाऱ्यांची गोष्ट वेगळी. म्हणून घराण्याच्या संस्थेने उद्दिष्टांत ‘आमच्या पूर्वजांची पूजा’ एवढेच लिहू नये. ऐतिहासिक वास्तूचे जतन, कागदपत्रांचे संग्रहण आणि सर्वांना खुला प्रवेश हे हेतू स्पष्ट असावेत, आणि ते पाळलेही जावेत.

पैसा कुठून येणार?

वार्षिक वर्गणीवर मोठी दुरुस्ती होत नाही. या पट्ट्यात कंपन्यांची कमतरता नाही. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सीएसआरवर खर्च करावी लागते. ऐतिहासिक वास्तूंची दुरुस्ती त्या यादीत आहे. अट अशी की बाहेरच्या संस्थेकडे १२-ए व ८०-जी नोंदणी, सीएसआर-१ क्रमांक आणि तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा. भिंत कोसळल्यावर संस्था काढली, तर कंपनीच्या दारात उभे राहायलाच तीन वर्षे जातात.

वास्तू स्वतःही थोडे कमावू शकते. वाईजवळच्या मेणवलीतला नाना फडणवीसांचा वाडा वंशजांकडेच आहे आणि तो चित्रीकरणासाठी दिला जातो.

सरकारकडे सोपवणे सोपे नाही का?

केंद्राचा १९५८ चा आणि राज्याचा १९६० चा स्मारक कायदा आहे. संरक्षित झाल्यावर मालकी जातेच असे नाही. मालकाशी करार करून देखभाल ठरवता येते. केंद्र संरक्षित स्मारकाभोवती मात्र १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि पुढच्या २०० मीटरवर नियंत्रण येते. शेजाऱ्यांचा विरोध तिथूनच सुरू होतो. शिवाय यादी मोठी, माणसे थोडी. प्रत्येक समाधी सरकार घेईल या आशेवर बसणे म्हणजे ती पडू देणे.

आज काय करता येईल?

आमचे मत स्पष्ट आहे. मान घराण्याचा असेल, तर पहिली जबाबदारीही घराण्याचीच. पण दार गावासाठी उघडावे लागेल. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली तेव्हापासून या भागात बाहेरून आलेली लाखो माणसे स्थिरावली. त्यांच्या मुलांना उमाबाई कोण हे समाधीपाशी कळले, तर त्या वास्तूला नवे राखणदार मिळतील. विश्वस्त मंडळात घराण्याबाहेरचा एक वास्तुजतन तज्ज्ञ आणि एक स्थानिक शिक्षक असावा. नगरपालिका-महापालिकांनी मालकी मागू नये. तज्ज्ञांचा सल्ला आणि सांडपाण्याचा निचरा एवढे जरी दिले तरी पुष्कळ.

तोवर बिनखर्चाची कामे थांबवू नयेत. मृगाआधी रोपे मुळासकट काढावीत, पाणी चौथऱ्यापासून दूर वळवावे, मोजमापासह फोटो काढून ठेवावेत. चुन्याच्या बांधकामावर सिमेंटचा गिलावा आणि दगडावर ऑइलपेंट कटाक्षाने टाळावा. सिमेंट ओल आत कोंडते, मग दगडाचे पापुद्रे सुटतात. दात्याच्या नावाची ग्रॅनाइटची पाटी नंतरही बसवता येईल. पुढच्या पुण्यतिथीला हार घालण्याआधी मिळकत पत्रिकेचा उतारा काढून सर्वांसमोर वाचला, तर खरी सुरुवात होईल.